आईबाबांना जपानमध्ये कुठे उतरवायचं: हॉटेलात की ऱ्योकानमध्ये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर १० रात्री, टोकियो, हाकोने, क्योतो आणि कानाझावा. बरोबर ७२ वर्षांचे बाबा, त्यांचे गुडघे दुखतात. ६८ वर्षांची आई पूर्ण शाकाहारी, दूध चालतं पण अंडंही नाही. तुम्ही दोघं आणि ९ वर्षांची मुलगी. तुमची इच्छा दहाही रात्री ऱ्योकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक पाहुणघरात राहायची. भावाचं म्हणणं, आईबाबांना घेऊन जाताय तर सगळीकडे चांगलं पंचतारांकित हॉटेल घ्या, उगाच जमिनीवर झोपवू नका.

मी पुण्यात जपानी शिकले, काही वर्षं तिथे राहिले आणि गेली १८ वर्षं मराठी कुटुंबांना घेऊन जपानला जाते आहे. हा वाद दर दोन-तीन कुटुंबांमागे एका घरात होतोच. माझं उत्तर असं: टोकियो आणि क्योतोत हॉटेल घ्या. ऱ्योकान शहरात नको, डोंगरात घ्या, एकच घ्या, आणि तिथे सलग दोन रात्री राहा. हाकोने या खेपेला गाळा. का, ते सविस्तर सांगते.

ऱ्योकानबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की ती एक वेगळ्या सजावटीची खोली आहे. हॉटेलात तुम्ही खोली घेता. सकाळी आठला बाहेर पडून रात्री दहाला परत आलात तरी काही बिघडत नाही. ऱ्योकानमध्ये तुम्ही दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतचे १९ तास घेता. दारात बूट काढायचे, खोलीत गेल्यावर चहा आणि गोड पदार्थ पुढे येतो, युकाता हा सुती झगा नेसून आंघोळीला जायचं, सहा-साडेसहाला जेवण, जेवण चालू असताना किंवा संपल्यावर ताटामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटयांवर, गाद्या घातल्या जातात, पहाटे पुन्हा आंघोळ, आठला न्याहारी. यातला प्रत्येक टप्पा ठरलेल्या वेळी येतो. खोलीची देखभाल करणारी नाकाई-सान तुमच्या वेळेवर नजर ठेवून असते आणि तिच्यामागे स्वयंपाकघर तुमच्या वेळेवर चाललेलं असतं. त्या १९ तासांतले तुम्ही आठच तास वापरणार असाल, तर ऱ्योकानचे पैसे वाया जातात आणि यजमानांची मेहनतही वाया जाते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात क्योतोत एका जुन्या ऱ्योकानमध्ये सहा जणांचं कुटुंब उतरवलं होतं. दिवसभर फुशिमी इनारी, आराशियामा, किंकाकुजी असं सगळं कोंबलं आणि रात्री साडेआठला पोहोचलो. ओकामी-सान, म्हणजे त्या घराच्या मालकीणबाई, दारातच बसून होत्या. एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. पण वाफेवर आणि निखाऱ्यावर ऐन वेळी करायचे पदार्थ दोन तास खोळंबले होते, आणि आमची मंडळी इतकी दमलेली की चौथ्या पदार्थानंतर कुणाला घास जाईना. ताटं तशीच परत गेली. आपल्याकडे कुणी पाहुण्यासाठी पुरणपोळी करून वाट पाहावी आणि पाहुण्याने बाहेर खाऊन यावं, तसं झालं ते. तेव्हापासून मी प्रवासाचा आराखडा करताना आधी एकच विचारते: त्या दिवशी दुपारी चारच्या आत आपण खोलीत असू का? उत्तर नाही असेल तर त्या रात्री हॉटेल.

टोकियोत हे उत्तर जवळजवळ नेहमीच नाही असतं. तिथे लोक फिरायला जातात, अंतरं मोठी, संध्याकाळीच शहर खुलतं. शिवाय तुम्ही विमानातून उतरून, रात्रीची झोप मोडून पोहोचणार. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. पहिल्या दिवशी आईबाबांना दुपारी दोनला झोप येईल आणि रात्री एकला टक्क जाग. अशा वेळी पलंग, जवळच स्वच्छतागृह, रात्री फोन केल्यावर खाली कुणीतरी जागं असणं आणि सकाळी नऊपर्यंत न्याहारीची मुभा, याला मोल आहे. चांगल्या हॉटेलातली कॉन्सिएर्जची माणसं हा तर माझ्या मते त्या पैशांचा सगळ्यात उपयोगी भाग. ‘आई मासे खात नाही, माशाचं पाणीही नको’ हे ते उपाहारगृहाला फोन करून जपानीत नीट समजावतात आणि टॅक्सीवाल्यासाठी पत्ता लिहून देतात. बाबांच्या औषधासाठी डॉक्टर लागलाच तर तोही शोधून देतात. ही माणसं तुमच्यासाठीच बसलेली असतात. आपली मंडळी संकोच करून त्यांना काहीच विचारत नाहीत, तसं करू नका.

टोकियोत पंचतारांकित म्हणजे काय, यात निवड प्रचंड आहे. १८९० साली सुरू झालेलं इम्पीरियल हॉटेल आहे. फ्रँक लॉइड राइटने बांधलेली त्याची इमारत १ सप्टेंबर १९२३ रोजी, नेमकी कांतो भूकंपाच्या दिवशी खुली झाली आणि टिकली. ती पुढे पाडली गेली, तिचा दर्शनी भाग इनुयामाच्या मेइजी-मुरा या संग्रहालयात पाहायला मिळतो. ओकुरा आहे, गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावर असलेली पार्क हयात आणि अमान आहेत. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाताना मी हॉटेलाचं नाव शेवटी बघते, स्टेशन आधी. शिंजुकूचं स्टेशन जगात सर्वांत गर्दीचं, त्याची दारं दोनशेच्या घरात. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर बाबांची किलोमीटरभर पायपीट होते. त्यापेक्षा टोकियो स्टेशनच्या आसपासचा मारुनोउची किंवा निहोनबाशी भाग घ्या. शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिथूनच सुटते. स्टेशनच्या लाल विटांच्या जुन्या इमारतीतच १९१५ पासूनचं टोकियो स्टेशन हॉटेल आहे. तिथली खोली परवडली तर बाबांना सामानासकट रस्ताही ओलांडावा लागणार नाही.

टोकियोत ऱ्योकान मुळीच नाही असं नाही. ओतेमाचीत २०१६ पासून होशिनोया टोकियो आहे. सतरा मजली इमारत, पण तळमजल्यावरच बूट काढायचे, लिफ्टमध्येही पायाखाली ताटामी आणि वरच्या मजल्यावर खोल जमिनीतून उपसलेल्या गरम पाण्याचं ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याची न्हाणी. केलेलं काम अस्सल आहे. पण किंमत टोकियोच्या महागड्या हॉटेलांच्या बरोबरीची, आणि तुम्हाला टोकियो पाहायचंय. दिवसभर बाहेर असाल तर त्या ताटामीवर पाय टेकायला वेळ कुठे मिळणार?

इथे नावांबद्दल थोडं सांगते, कारण बुकिंग करताना लोक नावालाच फसतात. जपानच्या कायद्यात पूर्वी हॉटेल आणि ऱ्योकान हे दोन वेगळे प्रकार होते. हॉटेलला किमान १० खोल्या लागत, ऱ्योकानला ५. जून २०१८ मध्ये हे दोन प्रकार एकत्र केले गेले. त्याआधीही ऱ्योकान या शब्दाची व्याप्ती मोठी होतीच. क्योतोतल्या फुयाचो रस्त्यावरची १८१८ पासूनची हिइरागिया आणि तिच्यासमोरची त्याहून जुनी तावाराया हीही ऱ्योकानच. दोनशे खोल्यांची काँक्रीटची दहा मजली इमारत, जिथे जेवायला मोठ्या दालनात रांग लावून वाढून घ्यायचं, तीही ऱ्योकान. रांगेतल्या जेवणाला तिथे ‘बाइकिंगु’ म्हणतात. इम्पीरियल हॉटेलने १९५८ साली ‘वायकिंग’ नावाने अशी पद्धत सुरू केली, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. आणि चार खोल्यांचं, आजीबाई एकट्या चालवतात असं घर, तेही ऱ्योकान किंवा मिनशुकू. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा तीन गोष्टी पाहा: खोल्या किती, जेवण कुठे देतात, आणि न्हाणीघर खोलीत आहे की सामाईक.

आता पैशांचा हिशोब, कारण इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. हॉटेलाचा दर खोलीमागे असतो. ऱ्योकानचा दर माणशी, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. तिथे याला ‘इप्पाकु निशोकु’ म्हणतात, एक मुक्काम, दोन जेवणं. समजा ऱ्योकानचा दर माणशी ३०,००० येन आहे. चार मोठ्यांचे १,२०,००० येन. मुलीला मोठ्यांसारखंच ताट घेतलं तर तिचा दर बहुतेक ठिकाणी ७० टक्के, म्हणजे २१,०००. एकूण १,४१,०००, पण पाचही जण जेवून-खाऊन, आणि बारा ताटामी मावतील अशा एकाच खोलीत. हॉटेलात ६०,००० येनची खोली घेतली तर तुम्हाला निदान दोन लागतील, कारण जपानी हॉटेलं एका खोलीत दोन किंवा फार तर तीन माणसांवर ठाम असतात. म्हणजे १,२०,००० झाले आणि अजून कुणी जेवलेलं नाही. तेव्हा ‘ऱ्योकान महाग’ हे सरसकट खरं नाही. एकट्या माणसाला मात्र ते महागात पडतं. बरीच घरं एकट्याचं बुकिंग घेतच नाहीत.

पाच जणांनी एका खोलीत झोपण्याबद्दल सांगायचं तर, मला ऱ्योकानमधली सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे. हॉटेलात रात्री नऊला कुटुंब दोन दारांमागे विभागलं जातं. ऱ्योकानमध्ये पाच गाद्या ओळीने पडतात, मुलगी आजीच्या आणि आजोबांच्या मध्ये शिरते, दिवा मालवल्यावर अर्धा तास गप्पा चालतात. सुट्टीत आजोळी माडीवर गाद्या घालून सगळी भावंडं झोपायची, ते आठवतं. एका सहलीत एक आजोबा रात्री दोन तास नातवाला आपल्या गावच्या गोष्टी सांगत होते. मुलाने सकाळी मला सांगितलं की यातल्या अर्ध्या गोष्टी त्यानेही कधी ऐकल्या नव्हत्या.

पण मग गुडघे. ताटामीवरच्या गादीवरून रात्री दोनदा उठणं हे ७२ व्या वर्षी सोपं नाही, आणि याबाबतीत भावाचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर उपाय आहे. ‘वायोशित्सु’ नावाची खोली मागा. तिच्यात ताटामीचा भाग असतो आणि शेजारी दोन पलंग असतात. आईबाबा पलंगावर, तुम्ही तिघं खाली. जेवणासाठी ‘इसु-तेबुरु’, म्हणजे खुर्ची-टेबल मिळेल का, हे आधी लिहून विचारा. नाहीच मिळालं तर ‘होरिगोतात्सु’ असलेली बैठक मागा, तिथे टेबलाखाली खड्डा असतो आणि पाय सोडून बसता येतं. लिफ्ट आहे का, तेही विचारा. क्योतोतल्या जुन्या लाकडी घरांत ती अनेकदा नसते, जिने उभे आणि अरुंद असतात. क्योतोत हल्ली जुनी माचिया घरं दुरुस्त करून अख्खी भाड्याने मिळतात. छायाचित्रांत फार सुंदर दिसतात, पण तिथले जिने शिडीसारखे असतात आणि मदतीला कुणी नसतं. आईबाबांना घेऊन तिथे मी जाणार नाही.

आता आईचं जेवण. ह्यावर थोडं जास्त लिहिते, कारण मराठी शाकाहारी माणसाची जपानमध्ये सगळ्यात जास्त अडचण ऱ्योकानमध्येच होते. हॉटेलातून बाहेर पडून भारतीय उपाहारगृह शोधता येतं. डोंगरातल्या ऱ्योकानमध्ये जे ताटात येईल तेच जेवण. आणि जपानी स्वयंपाकाचा पाया आहे दाशी, म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. भाजी त्यात शिजते, मिसो सूप त्यात होतं, उकडलेल्या पालकावर वरून तेच शिंपडतात. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगितलं की मांस काढतात, मासा काढतात, दाशी तशीच राहते. त्यात कुणाची लबाडी नसते. आपण मीठ जसं जिन्नस म्हणून मोजत नाही, तशी ते दाशी मोजत नाहीत. माझ्याबरोबरच्या एका काकूंनी आनंदाने दोन वाट्या सूप प्यायल्यावर मला वास आला होता. त्यांना सांगावं की नाही, या विचारात माझी रात्र गेली. सकाळी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण उरलेले चार दिवस फळं आणि भातावर राहिल्या.

म्हणून निरोप असा द्या: ‘निकु मो, साकाना मो, साकाना नो दाशी मो ताबेमासेन.’ मांसही, मासेही, माशाची दाशीही खात नाही. त्यापुढे अंडं नको, हेही. आणि त्याच दमात सांगा की कोम्बु आणि शिइताके चालतं, म्हणजे समुद्रशेवाळ आणि वाळलेल्या अळिंबीची दाशी करा. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. नुसती नकारांची यादी पाहिली की स्वयंपाकी घाबरतो. काय करता येईल हे सांगितलं की त्याच्या डोक्यात लगेच पदार्थ दिसू लागतात, कारण बौद्ध मठांतली शोजिन र्योरी नेमकी अशाच दाशीवर उभी आहे. हा निरोप बुकिंग करताना द्या, पोहोचल्यावर नाही. काही घरं स्वच्छ सांगतात की आम्हाला हे जमणार नाही. त्या नकाराचं वाईट वाटून घेऊ नका, तो प्रामाणिकपणा आहे. हो म्हणून मग माशाचं पाणी वाढण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

याच कारणासाठी आईला एखादी रात्र कोयासानला न्यावं असं मला मनापासून वाटतं, या खेपेला नाही तर पुढच्या. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी आणि तिथून केबल कारने वर. कुकाई या बौद्ध भिक्षूने नवव्या शतकाच्या सुरुवातीला स्थापन केलेल्या शिंगोन पंथाच्या या डोंगरावर शंभराहून अधिक मंदिरं आहेत. त्यांतली पन्नासेक पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात, त्याला शुकुबो म्हणतात. तिथलं जेवण मुळातच मांस-मासे वर्ज्य असलेलं, कांदा-लसूणही नाही. तिळाचं गोमादोफु आणि गोठवून वाळवलेलं कोयादोफु ही तिथली खासियत. पहाटे मंत्रपठण आणि काही मंदिरांत होम होतो. त्याला ‘गोमा’ म्हणतात, शब्द आपलाच आहे. आई तिथे पाहुण्यासारखी राहणार नाही, घरच्यासारखी राहील. महाराष्ट्राशी त्या जागेचं आणखी एक नातं आहे: कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. मात्र ही जागा साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, जुन्या मंदिरांत थंडी हाडांत शिरते, आणि स्वच्छतागृहं पुष्कळदा ओसरीच्या टोकाला असतात. बाबांच्या गुडघ्यांसाठी नोव्हेंबर हा त्यासाठी चांगला महिना नाही. मे महिन्यात जा.

क्योतोबद्दल मात्र मन घट्ट करून सांगते आहे. तावाराया, हिइरागिया यांसारखी घरं म्हणजे जपानी पाहुणचाराचा कळस आहे. बागेकडे उघडणारी खोली, ऋतूप्रमाणे बदललेलं तोकोनोमातलं, म्हणजे सजावटीच्या कोनाड्यातलं, चित्र आणि फूल, खोलीत एकेक करून येणारा काइसेकीचा, म्हणजे अनेक लहान पदार्थांच्या पारंपरिक जेवणाचा, पदार्थ. तुम्ही दोघंच असता आणि क्योतो आधी पाहिलेलं असतं, तर मी म्हटलं असतं की एक रात्र तिथे काढा आणि त्या दिवशी काहीही पाहू नका. पण पहिल्या भेटीत, पाच जणांत, नोव्हेंबरच्या ऐन रंगलेल्या पानांच्या दिवसांत, तुम्ही संध्याकाळी मंदिरांची रोषणाई पाहायला बाहेर पडणारच. तेव्हा क्योतोत हॉटेल. स्टेशनजवळ किंवा कारासुमा-ओइकेच्या आसपास, जिथे मेट्रोला लिफ्ट आहे. कामो नदीकाठचं रिट्झ-कार्लटनसारखं हॉटेल परवडत असेल तर आनंदच, नाहीतर त्याच्या निम्म्या किमतीत उत्तम खोल्या मिळतात. एक ध्यानात ठेवा: मार्च २०२६ पासून क्योतोचा मुक्काम-कर बराच वाढला आहे. माणशी दर ५०,००० ते १,००,००० येनच्या दरम्यान असेल तर माणशी, रात्रीमागे ४,००० येन, त्याहून वर १०,०००. हा कर बुकिंगच्या आकड्यात बहुधा धरलेला नसतो. २०,००० येनच्या आतल्या दराला तो ४०० येन किंवा त्याहून कमी आहे, म्हणजे तुमच्यासाठी मधली हॉटेलं आणखी फायद्याची.

मग ऱ्योकान कुठे? हाकोने सोडून द्या असं म्हणते, त्याचं कारण गुडघेच. हाकोने पाहायचं म्हणजे डोंगरी रेल्वे, मग केबल कार, मग रोपवे, मग बोट, मग बस. प्रत्येक ठिकाणी चढणं-उतरणं. फुजी दिसेल याचीही खात्री नसते. टोकियोहून क्योतोला जाताना शिनकान्सेनमध्ये ‘ई’ खुर्ची घ्या. हवा स्वच्छ असेल तर सुटल्यापासून पाऊण तासाच्या आसपास उजव्या खिडकीत फुजी अख्खा दिसतो, बाबांना एक पायरीही चढावी लागत नाही. तरीही हाकोनेच हवं असेल, तर मियानोशितातलं १८७८ चं फुजिया हॉटेल बघा. तिथे पलंग आहेत, जुन्या काळाचा दिमाख आहे आणि खोलीतल्या न्हाणीतही गरम झऱ्याचं पाणी येतं. तुमच्या आणि भावाच्या वादातला तो मधला मार्ग म्हणता येईल.

माझी पसंती यामानाका ओन्सेनला, कानाझावाच्या अलीकडे डोंगरात असलेल्या गरम झऱ्यांच्या गावाला. क्योतोहून त्सुरुगापर्यंत थंडरबर्ड गाडी, तिथे शिनकान्सेन बदलून कागा-ओन्सेन स्टेशन. मार्च २०२४ मध्ये शिनकान्सेन त्सुरुगापर्यंत आल्यापासून तिथे थांबते. स्टेशनवरून अर्ध्या तासाच्या आत गावात. कवी बाशो १६८९ साली आपल्या उत्तरेच्या पायी प्रवासात इथे थांबला आणि आठ रात्री राहिला. गावाला लागून काकुसेनकेइ ही घळ आहे, तळाशी नदी, वर मेपलची झाडं आणि हिनोकी लाकडाचा कोरोगी पूल. गावात लाकूड चरकावर फिरवून वाट्या घडवणारे कारागीर आहेत, मुलीला ते बघायला आवडेल. पाहायला याहून फार काही नाही, आणि ऱ्योकानसाठी अशीच जागा हवी. दुपारी चारला खोलीत असण्याची इथे कुणाला हुरहुर लागत नाही.

दोन रात्री सांगते, कारण एकाच रात्रीत आपली माणसं बिचकलेलीच राहतात. पहिल्या संध्याकाळी युकाता कशी नेसायची, चपला कुठे काढायच्या, यातच वेळ जातो. (युकाताची डावी बाजू वर येऊ द्या. उजवी वर फक्त मृताला नेसवताना घेतात.) दुसऱ्या दिवशी ती जागा आपली होते. मात्र सलग दोन काइसेकी जेवणं जड होतात. दुसऱ्या रात्रीचं जेवण साधं मिळेल का, किंवा त्या रात्रीपुरता न्याहारीचाच दर घेता येईल का, हे विचारा. आणि नोव्हेंबरात तिथे खेकड्याचा हंगाम असतो, त्या इशिकावा प्रांतात तो ६ नोव्हेंबरपासून सुरू होतो. त्यामुळे बुकिंगच्या पानावर खेकड्याची महागडी ताटं पुढे दिसतील. ती सोडून साधं ताट निवडा, दर बराच उतरतो. शनिवारची रात्रही टाळा, रविवार ते गुरुवार दर कमी आणि न्हाणीघरंही मोकळी.

ओन्सेनला आई ‘मी नाही येणार’ म्हणेल. सामाईक न्हाणीत कपडे न घालता उतरायचं, बायका वेगळ्या आणि पुरुष वेगळे असले तरी. आमच्या सहलींतल्या बहुतेक आया पहिल्या दिवशी नाही म्हणतात. मी आग्रह करत नाही. ‘काशिकिरी-बुरो’ म्हणजे तासाभरासाठी कुटुंबाला स्वतंत्र मिळणारी न्हाणी असलेलं घर निवडा, म्हणजे आई आणि मुलगी दोघीच जाऊ शकतील. खोलीच्या ओसरीत गरम झऱ्याचा टब असेल तर उत्तमच, पण त्याचे पैसे वेगळे लागतात. आधी बाहेर बसून साबणाने नीट अंग धुवायचं, साबण उतरल्यावरच पाण्यात जायचं, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पाणी ४० ते ४२ अंश असतं. बाबांना रक्तदाबाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. जेवणानंतर लगेच उतरू देऊ नका, पाच-सात मिनिटांवर राहू देऊ नका, आणि उठताना कुणीतरी हात द्या. गुडघ्यांना मात्र त्या पाण्याने खरंच आराम पडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बाबा तुम्हाला न सांगता एकटेच जाऊन आले तर नवल वाटून घेऊ नका, मी असे पुष्कळ बाबा पाहिले आहेत.

सामान घेऊन फिरू नका. क्योतोच्या हॉटेलातून मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या कुरिअरने, थेट कानाझावाच्या हॉटेलात पाठवा, तिथे पोहोचण्याची तारीख लिहून द्या, आणि यामानाकाला दोन रात्रींपुरती एकेक पिशवी न्या. ताटामीवर चाकांची बॅग ओढत नाहीत, हेही त्यात साधतं. टोकियो-क्योतो शिनकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेला वेगळी जागा राखावी लागते, तिथेही बॅगा अशाच पुढे पाठवल्या तर तो त्रास वाचतो.

तर रात्रींची वाटणी अशी करा: टोकियो तीन, क्योतो तीन, यामानाका दोन, कानाझावा एक, आणि परतीच्या विमानाआधी टोकियोत एक. कानाझावात स्टेशनसमोरचं साधं चांगलं हॉटेल पुरे, केनरोकुएन बाग आणि ओमिचो बाजार पाहून दुसऱ्या दिवशी दुपारची शिनकान्सेन धरा, अडीच-तीन तासांत टोकियो.

आता लगेच करायचं काम म्हणजे यामानाकाचं बुकिंग, बाकीचं नंतर. पानांच्या हंगामात वायोशित्सु खोल्या प्रत्येक घरात मोजक्याच असतात. दोन-तीन घरांना एकाच दिवशी लिहा: पाच माणसं, दोन पलंग लागतील, जेवायला खुर्ची हवी, एकीच्या ताटात माशाची दाशी आणि अंडं नको, कोम्बु चालेल. उत्तरात प्रत्येक गोष्टीला वेगळं हो किंवा नाही आलंय का ते पाहा. ज्या घराने आईच्या ताटाबद्दल उलट प्रश्न विचारला, दूध चालतं का, कांदा चालतो का, ते घर घ्या. आणि पैसे भरण्याआधी रद्द करण्याची अट वाचा. ऐन दिवशी रद्द केलं तर बरीच घरं पूर्ण रक्कम घेतात, कारण तुमच्यासाठी आणलेली भाजी आणि मासळी तोवर स्वयंपाकघरात पोहोचलेली असते.